ओढ्यापलीकडची लाइन

केबल नीट चालू असली की गावाला मी नुसता 'वसंता' असायचो. बंद पडली की 'वसंतशेट' व्हायचो, आणि मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हरमध्ये बंद पडली की थेट माझ्या आईचा उद्धार व्हायचा. आई बिचारी केबल यायच्या आधीच देवाघरी गेली होती, म्हणून वाचली. बावीस वर्षं मी टोकावडे आणि आसपासच्या वाड्यांना टीव्ही दाखवला. आता ज्याच्या त्याच्या खिशात स्वतःचा टीव्ही आहे, आणि ज्या डिशला मी रोज फडकं मारायचो तिच्यात बायको सांडगे वाळत घालते. सांडगे छान वाळतात, हे मला मान्य केलं पाहिजे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, धंद्यातले अनुभव लिहा म्हणाले. वर म्हणाले, "यंदाचा विषय देशप्रेम आहे, तेवढं त्यात कुठं बसतंय का बघा." देशप्रेमात मी कधीच कमी पडलो नाही. उलट एकदा ते इतकं जास्त झालं की अजून आठवलं की कान गरम होतात. तेच लिहितो.

आधी धंदा समजावतो, कारण पुढची सगळी भानगड त्यात आहे. आकाशातून येणारं चित्र माझी डिश पकडायची, गच्चीखालच्या पत्र्याच्या खोलीतली डबडी ते एका काळ्या वायरीत घालायची, आणि ती वायर झाडांवरून, कौलांवरून आणि विजेच्या खांबांवरून वाड्यावाड्यांत जायची. (खांबांवरून न्यायला परवानगी नव्हती. संपादकांनी हवं तर एवढं वाक्य गाळावं.) पण वायरीतलं चित्र चालून चालून थकतं. थोडं लांब गेलं की अंधुक होतं, पडद्यावर मुंग्या येतात. म्हणून मध्ये मध्ये एक डबा बसवावा लागतो, त्याला बूस्टर म्हणतात. तो चित्राला पुन्हा दम देतो आणि पुढच्या वाडीला पाठवतो.

आता बूस्टरला वीज लागते, आणि रानात वीज कुठून आणणार? म्हणून जिथं बूस्टर येईल तिथल्या एखाद्या घरातलं एक बटन मी मागून घ्यायचो आणि बदल्यात त्या घराला केबल फुकट. म्हणजे पन्नास-साठ घरांचा टीव्ही कुणातरी मावशीच्या स्वयंपाकघरातल्या एका बटनावर चालायचा, आणि हे त्या मावशीला पक्कं माहीत असायचं. धसईच्या बाजूला एका घरात सासू सुनेवर रुसली की बूस्टर बंद करायची, कारण सून नेमकी त्या वेळी मालिका बघायला शेजारी बसलेली असायची. मग अख्खी आळी माझ्या नावानं खडे फोडायची आणि मला जाऊन सासूची समजूत काढावी लागायची. सुनेनं माफी मागितली की चित्र यायचं. माकडांनी वायर कुरतडली तर ती निदान जोडता यायची. सासूला कुठली वायर जोडणार?

माझं देशप्रेम त्या काळात मुख्यतः पट्टीत राहायचं. टीव्हीच्या खाली अक्षरं सरकतात ती पट्टी. माझ्याकडे ती फिरवायचं एक यंत्र होतं. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, पाकिस्तानशी मॅच असली की मी पट्टी सोडायचो: 'भारतमातेचा विजय असो. सौजन्य, आपलाच वसंता केबलवाला.' पुढं माझा फोन नंबर. भारतमातेच्या विजयाला फोन नंबर कशाला लागतो, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मग मुंबईवर हल्ला झाला तो नोव्हेंबर आला. आमच्याकडं भात झोडायचं काम चालू होतं. पहिल्या सकाळी मी टीव्ही लावला आणि खळ्यावर गेलोच नाही. तसा तिथून मी तीन-साडेतीन तास लांब. माझ्या अंगाला धूर लागला नाही की कानाला आवाज आला नाही. पण मी दाढी सोडली, मालिकांची एक वाहिनी काढून तिच्या जागी बातम्यांची चौथी वाहिनी टाकली, आणि बायका ओरडल्या तर त्यांना म्हणालो, "देशावर वेळ आलीय आणि तुम्हाला सुनेची भांडणं सुचतात?" चहा पिता पिता मी कमांडोंना सूचनाही देत होतो. "आता आपण डावीकडून शिरायचं," असं मी बायकोला म्हणायचो. आपण म्हणजे मी आणि कमांडो.

तेव्हा भारनियमन चालू होतं, रोज काही तास वीज जायची. मी खास डिझेल आणून जनरेटर लावला, का, तर देशाचं चित्र थांबता कामा नये. दोन तासांनी बायको म्हणाली, "अवो, पण लोकांच्या घरात वीज नाय. बघतंय कोण?" खरंच की. डिश चालू, डबडी चालू, वायर चालू, आणि साऱ्या वाड्यांत अंधार. त्या दोन तासांत मी माझ्या एकट्यालाच देश दाखवत होतो. पट्टी मात्र जोरात फिरत होती: 'टोकावडे देशाच्या पाठीशी आहे.' आणि नंबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज होती, तरीही ओढ्यापलीकडची सगळी लाइन गेली. पन्नासेक घरं. फोन सुरू झाले. बाळाराम नावाचा माझा एक ग्राहक होता, खताचं दुकान चालवायचा, आवाज मोठा. तो फोनवरच गरजला, "वसंतशेट, आत्ता बंद करायचा का? ऐन टायमाला?" मी पक्कड घेतली, मोटरसायकलला छोटा झेंडा आदल्या दिवशीच लावला होता, आणि निघालो. मला सांगायला लाज वाटते, पण निघताना मी बायकोला "येतो" म्हणालो ते सीमेवर निघाल्यासारखं.

वायर बघत बघत गेलो. कुठं तुटली नव्हती. ओढा ओलांडला तेव्हा बाळाराम आणि चार-पाच जण दोन गाड्यांवरून मागं आलेच. शेवटी पोचलो सखूमावशीच्या घरी. त्या लाइनचा बूस्टर तिच्या पडवीत, भिंतीला खिळ्यावर टांगलेला. त्याचा दिवा विझलेला. वायर बटनातून उपसून काढलेली, आणि मावशी खळ्यावर भाताची पेंढी फळीवर आपटत होती.

मावशी साठीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा एकच, नामा. मुंबईला हाटेलात भांड्यांच्या कामाला आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण आमच्याकडं हाटेल म्हटलं की माळशेजच्या रस्त्यावरचा ढाबा डोळ्यांपुढं येतो, बाहेर बाज, आत भट्टी. मुंबईतला नामाचा ढाबा तसाच असणार, असं मी धरून चाललो होतो.

"मावशी, बूस्टर कुणी बंद केला?"

"मीच केलाय." पेंढी आपटायची थांबली नाही.

आणि मग मी बोललो. माझ्या मागं पाच माणसं होती, गाडीला झेंडा होता, आणि दोन दिवस टीव्हीवरची माणसं ओरडत होती त्यांचा सूर माझ्या गळ्यात बसला होता. "मावशी, देश पेटलाय. आपले जवान जिवावर उदार होऊन लढतायत. आणि तुमी बटन बंद करता? पन्नास घरं अंधारात ठेवली तुमी. तुमच्यासारख्या माणसांमुळंच देशाचं वाटोळं झालं." शेवटचं वाक्य मी कुठून आणलं, देव जाणे. बाळाराम मागून "बरोबर" म्हणाला.

मावशीनं पेंढी खाली ठेवली. पदरानं तोंडावरचा भुसा पुसला.

"वसंता, माजा नामा तिथं हाय."

"कुठं?"

"ज्याच्यावरना धूर दाखवतंय तुजा टीव्ही, त्या हाटेलात. काल सकाळी फोन आला वनिताच्या मोबाइलवर. भटारखान्याच्या मागं खोली हाय, तिथं लपलीत चौदा जणा. हळू बोलत होता. बोलला, आये, तू फोन करू नको, वाजला तर ऐकू जाईल."

वनिता म्हणजे शेजारची सून. ती कुडाला टेकून उभी होती, तिनं मान हलवली. मावशीनंच तिला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं, गावाला कळलं तर घरात जत्रा भरेल म्हणून. जत्रा मी घेऊन आलोच होतो.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण मी केबलवाला. मला काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "मावशी, मग तर बघायला पाहिजे. कळंल तरी."

"बघत व्हते की कालपासना. मग टीव्हीवरल्या त्या बातम्यावाल्या बाईनं सांगितला. आज सकाळी. बोलली, मागल्या बाजूला भटारखान्याकडं माणसा लपलेली असतील. बोट करून दाखवला, वसंता. आता तिला मुंबईत उभ्या उभ्या दिसता, ता मला हिथं दिसता, मग आतल्या त्या मेल्यांना दिसत नसंल? त्यांच्याकडं टीव्ही नसंल?"

मी हसलो. खरंच हसलो, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि मी तिला उपग्रह समजावला. हातवारे करून. वर उपग्रह असतो, त्याच्यावरून चित्र येतं, माझ्या डिशमध्ये पडतं, इथलं बटन बंद केलं म्हणून तिकडचं चित्र बंद होत नाही, शिकलेल्या माणसानं असं बोलू नये. ती कधी शाळेत गेली नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नसंल होत. पण माज्या घरातना तरी नको जाऊला. माज्या पोराचा ठिकाणा मी माज्या हातानं पन्नास घरांना दाखवू का?"

पुढं बऱ्याच महिन्यांनी सगळ्या जगाला कळलं की त्या हल्लेखोरांना लांबून फोनवर सूचना देणारे लोक हेच थेट चित्र बघून सूचना देत होते. कमांडो कुठून शिरतायत, माणसं कुठं असतील, सगळं. शिकलेल्या माणसांनी त्यावर नियम केले. सखूमावशीनं तो नियम भर दुपारी, भात झोडता झोडता, स्वतःपुरता केला होता. आणि तिला मी उपग्रह शिकवत होतो.

मी आता मोठेपणा केला असं सांगितलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. बाळाराम म्हणाला, "वायट झाला मावशी. पण वसंता, डबा वनिताच्या घरात लाव ना. बटन तिथं पण हाय." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. 'लावत नाही' असं त्यांच्या तोंडावर म्हणायची माझ्यात धमक नव्हती. ग्राहक आहेत, उद्या त्यांच्याच दारात जायचंय. मी बूस्टर भिंतीवरून काढला, उलटसुलट केला, कानाशी धरून हलवला आणि म्हणालो, "जळलाय. दुसरा कल्याणहून आणावा लागंल. आज काय होत नाय." धडधडीत खोटं. बूस्टर ठणठणीत होता.

बाळाराम चिडला. जाता जाता म्हणाला, "ऐन टायमाला डबा जाळलास, म्हंजे तू त्यांनाच सामील." त्यानं रागात म्हटलं असेल, पण मला लागलं. सकाळी मी कमांडोंबरोबर होतो, आणि दुपारी शत्रूला सामील. एवढी बढती कुणाला एका दिवसात मिळाली नसेल.

ते गेल्यावर मी गाडीवरचा झेंडा काढून घडी करून डिकीत ठेवला आणि मावशीच्या समोर बसून पेंढ्या आपटायला घेतल्या. "तू जा रे घरी," ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे." ती म्हणाली, "हात चालू असला म्हंजे डोका गप बसता." दिवस मावळेपर्यंत आम्ही भात झोडलं. माझ्या पट्टीवर 'टोकावडे देशाच्या पाठीशी आहे' असं अजून फिरत होतं. ती मी जाऊन बंद केली. आणि खरं सांगायचं तर टोकावड्याच्या बाजूची लाइन चालू होती, बातम्या दिसत होत्या, आणि घरी जाऊन मी त्या बघितल्याच. भटारखाना दाखवला की मान दुसरीकडं वळवायचो, एवढंच.

शनिवारी सकाळी टीव्हीवर सांगितलं की संपलं. मी तसाच मावशीकडं सुटलो. ती पडवीत बसली होती, आज हातात पेंढी नव्हती. "संपलं मावशी," मी म्हणालो. ती म्हणाली, "नामाचा काय?" त्याचं उत्तर चार वाहिन्यांपैकी एकीकडंही नव्हतं. आम्ही त्याचा फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. मावशी प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी प्रत्येक वेळी "नेटवर्क नाय" म्हणायचो.

साडेनऊच्या सुमारास वनिता मोबाइल पुढं धरून धावत आली. "आत्ये, नामा! नामा बोलतोय!" दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावला होता. मावशीनं फोन कानाला लावला. नुसतं "हां... हां..." आणि डोळ्यांतून धारा. मीही रडलो. दोन दिवस टीव्हीपुढं माझे डोळे कितीदा भरून आले होते, पण हे रडणं निराळं होतं. नाकातोंडातून आलं.

मग तिनं फोन माझ्या हातात दिला. "तुज्याशी बोलायचा बोलतोय."

"वसंतादादा," नामाचा आवाज बसला होता. "आमच्या भटारखान्यातले पंडितजी गेले. आमाला आत ढकलून दार बाहेरना ओढून घेतला त्यांनी. तिकडं उत्तरेला डोंगरात त्यांचा गाव हाय. बायको हाय, सून हाय. त्यांच्या घरात फोन नाय. हाटेलवाले कळवतील, पण यादी बनवायला टाइम लागंल. आणि नावं टीव्हीवर आधी येतील, दादा. खाली पट्टीत फिरतील. तिकडं पण कुणीतरी केबलवाला असंल ना? त्याला सांगता येईल का, पहिला बंद कर म्हणून? पत्ता मला पाठ हाय."

पत्ता मी भुशाच्या पोत्यावर कोळशानं लिहून घेतला. गाव, तालुका, जिल्हा. नाव पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. देशावर मी एवढा जीव टाकत होतो आणि देशात हे गाव कुठं आहे ते मला माहीत नव्हतं.

सुरुवात कुठून करावी ते बूस्टरनंच सांगितलं. त्याच्या खोक्यावर दिल्लीच्या घाऊक दुकानाचा नंबर छापलेला असतो. तिथं लावला. माझं हिंदी म्हणजे बाजारातलं. "हमारा आदमी बचा, उसका आदमी गया," असं मी सांगितलं तर दुकानदाराला वाटलं माल पोचला नाही. तीनदा सांगावं लागलं. कळल्यावर मात्र तो म्हणाला, थांबा, त्या जिल्ह्यात आमचा माल घेणारा एक आहे. त्यानं एक नंबर दिला, त्यानं दुसरा दिला, आणि दुपारी बाराच्या आसपास फोन लागला तो त्या खोऱ्यातल्या एका केबलवाल्याला. मी सगळं सांगितलं. त्यानं मला तुम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "उस गाँव में मेरे सात कनेक्शन हैं। अभी काट देता हूँ।"

मी म्हणालो, "काटने से क्या होगा? वो तो समझेंगे कि केबल खराब है।"

तो म्हणाला, "ठीक है। मैं ही जाता हूँ।"

रविवारी मी मावशीच्या पडवीत बसूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बता दिया, भाईसाब। सड़क से ऊपर चार घंटे लगे। टीवी पर आने से पहले पहुँच गया। रात वहीं रहा, अकेले कैसे छोड़ता।" इतकी वर्षं पट्टीत किती मोठमोठी वाक्यं फिरवली, पण त्या क्षणी एक आठवेना. "अच्छा किया," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

मावशीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "चार तास डोंगर चढला? पायी?"

"पायी."

"जेवला का रे त्यो? मयताच्या घरात चूल पेटत नाय. त्याला कुणी वाढला का?"

मी म्हटलं, "मावशी, ते मी विचारलं नाय."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. देशाचं वाटोळं कुणामुळं झालं असं मी तिला म्हणालो होतो, तेव्हाही तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं.

"मग लाव परत," ती म्हणाली.

मी फोन लावला.